न ठिबकलेला सांधा

ता. ४ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

काहीतरी चांगलं लिहिण्यासारखं घडेल म्हणून थांबले होते. ते घडेना, तेव्हा आहे तेच लिहिते. अर्धांगाचा झटका ओसरला, ह्यांचा पाय सावरला, जीभ तर पहिल्याइतकीच तिखट आहे. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेला असतो तसाच. डॉक्टर म्हणतात, औषधाचं काम संपलं, आता वापर हेच औषध. रोज पानभर लिहा, हाताला काम द्या, नाहीतर बोटं कायमची आखडतील. हे म्हणतात, निवृत्त माणसाला हात हवेत कशाला! चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फोरमन होता हा माणूस, आणि आमच्या स्वयंपाकघरातला नळ महिनाभर ठिबकतोय. थेंब पडला की ह्यांची भुवई हलते, माणूस हलत नाही.

लहानपणी तुम्ही दोघं भांडल्याशिवाय जेवत नव्हता, असं सासूबाई सांगायच्या. माझ्याशी भांडण्यात ह्यांना आता चव उरली नाही. तुम्हीच काही खोडी काढा. मला खरंच भीती वाटते आहे.

माया आहेच, ती पत्रातूनही येत राहू द्या.
तुमची वहिनी


ता. ९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक आनंदाची बातमी. शिवणाच्या दुकानात, गिऱ्हाइकांना वाट बघताना करमावं म्हणून, मी माशांची मोठी काचेची टाकी ठेवली आहे. खाली कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी ओघळून खाली येतं, तिथे गाळलं जातं, आणि पंपाने पुन्हा वर चढवायचं. पंपाच्या खोक्यावर ‘हेड दीड मीटर’ असं छापलंय. मी माझ्या टेपने उंची मोजली, एक मीटर चाळीस भरली. म्हणजे दहा सेंटिमीटर शिल्लकच! नळीही बारीकशी, बोटाएवढीच घेते आहे. बागेतल्या पाइपचं तोंड दाबलं की पाणी कसं जोरात उडतं, तसं.

हे विचारत नाही हं, नुसतं कळवते. तुला लिहिणं जमत नाही असं ऐकलं, तेव्हा उत्तराची तसदी घेऊ नकोस. तसंही यात तुला कळण्यासारखं काही नाही, हा घरगुती पंप आहे.

धाकटीवरचा लोभ कमी असेल तर वाढव, जास्त असेल तर राहू दे.
तुझी ठकू


ता. १३ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझी वहिनी लिहून घेते आहे, त्यामुळे शिव्या गाळलेल्या आहेत. दीड मीटर हेड म्हणजे पाणी दीड मीटर चढतं आणि तिथेच थांबतं. नळीबाहेर थेंब पडत नाही. तुझ्या उंचीला तो पंप नुसता गुरगुरेल. खोक्यावर एक वाकडी रेघ छापलेली असते, कितव्या उंचीला तासाला किती पाणी मिळेल याची. ती बघून पंप घे. नळीच्या वळणावरचा प्रत्येक एल्बो म्हणजे आणखी थोडी उंची समज. पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नळी लावायची नाही. पाइप दाबला की पाणी लांब जातं, जास्त येत नाही. आणि वरच्या टाकीत नळीचं तोंड खोल बुडवू नकोस. वीज गेली की ते तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उलटं खाली येईल आणि खालची टाकी ओसंडेल. पंपाला डोकं आहे, तुझं तू बघ.

(वन्सं, ‘एल्बो’ मी ‘अल्बम’ लिहिलं, तेव्हा ह्यांनी पेन हिसकावलं. खालची ओळ त्यांची. — वहिनी)

बारीक नळी लावलीस तर याद राख.


ता. १८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी ती एक ओळ वाचायला मला चष्मा, भिंग आणि शेजारच्या घड्याळजींची मदत लागली. कोंबडीने लिहिली का?

पंप बदलला, नळी जाड घेतली. नळीचं तोंड मात्र मी अगदी तळाशी नेलं, दिसायला छान दिसतं म्हणून. काल वीज गेली आणि पाणी उलटं आलं की रे! खालची टाकी ओसंडली, कपाटातला अस्तराचा अख्खा गठ्ठा भिजला. एका वकीलबाईंचा काळा कोट दोन इंच आखडला. त्यांना मी सांगितलं की हल्ली तशीच फॅशन आहे. मासे सुखरूप आहेत.

आता काय करू ते वहिनीला लिहू देऊ नकोस, त्या पंपाचा अल्बम करतील.

लोभ उलटा वाहू देऊ नये.
तुझी ठकू


ता. २५ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

काय सांगू! तीन पानं! आमच्या ह्यांनी तीन पानं स्वतःच्या हाताने लिहिली. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली नळीला बारीक भोक पाड, म्हणजे वीज गेली की हवा शिरून उलटा प्रवाह तुटेल, हे सांगायला तीन पानं आणि चार आकृत्या. उलटं पाणी अडवणाऱ्या झडपेवर विसंबू नकोस, तिच्यात घाण अडकते, हे लाल शाईने. पहिल्या दोन आकृत्या भुईमुगाच्या शेंगा वाटतील, पण चौथी स्पष्ट पंप आहे. पत्र सोबत आहे.

काल हे हार्डवेअरच्या दुकानात पायी जाऊन आले. मात्र आता म्हणतात, पाच तारखेला मी जाऊन ती टाकी बघणार. बरंच होईल, नाही का? मासे कोणते आणलेत ते कळवा, ते सारखं विचारतात.

तुमच्या टाकीला दीर्घायुष्य चिंतणारी,
वहिनी


ता. २८ जून

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

बसून वाचा. टाकी नाही. पंप नाही, नळी नाही, मासे तर नाहीतच. वकीलबाईंचा कोट माझ्या मापाच्या चुकीने आखडला, तेवढंच खरं. मासेविक्याकडून एक छापील पत्रक आणलं आणि त्यावर सगळा डोलारा उभा केला. चूक कुठली करायची, तेही दादाच्याच पत्रातून उचलते.

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, इथे बुडायला टाकीसुद्धा नाही! काहीही करा, त्याला पंधरा दिवस थोपवा. त्याला कळलं की मी गंमत केली, तर तो पेन पुन्हा हातात धरायचा नाही. ही एकच धास्ती आहे.

रागावू नका, रागवायचं असेल तर पाच तारखेनंतर रागवा.
ठकू


ता. १ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस, महिन्यापूर्वी तेही नव्हतं.

तुझी टाकी नाही, हे मला तुझ्या दुसऱ्या पत्रातच कळलं. वहिनीवर संशय घेऊ नकोस. ती बिचारी माशांना खाऊ काय न्यावा या विचारात होती आणि काल तुझं पत्र वाचून दारामागे लपून बसली. अगं, तुझ्याकडे पूर आला, अस्तर भिजलं, पण एकही सांधा ठिबकला नाही! चौतीस वर्षांत पहिल्याच फेरीत न ठिबकलेला सांधा मी पाहिला नाही, माझ्या स्वतःच्या हातचासुद्धा नाही. मी ज्याबद्दल लिहिलं तेच तुझ्याकडे बिघडत गेलं. ठिबकण्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं. सगळी सोंगं आणता येतात, पाण्याचं आणता येत नाही.

मग मी का लिहीत राहिलो? मला बरं वाटत होतं म्हणून. नळ सोडला की पाणी येतं, एवढंच लोकांना ठाऊक. ते वर कसं चढतं हे इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. तू खोटं का होईना, विचारलंस. आईने तुझं नाव ठकू ठेवलं ते उगाच नाही.

मी पाच तारखेला येतोच आहे. तुझ्याकडचा चहा पिऊन परत जाईन. हात आता कपापुरता चालतो.

तुझा दादा


ता. ३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चहा मिळणार नाही. टेबल अडलंय.

काल तुझं पत्र मिळालं आणि मी शिलाई मशीन बंद करून सरळ बाजार गाठला. टाकी आणली. तुझी तिन्ही पानं भिंतीला टाचण्यांनी लावली. वाकडी रेघ बघून पंप घेतला, दोनच एल्बो ठेवले, नळीला भोक पाडलं. मग सांधा गळू नये म्हणून लावतात ती पांढरी पट्टी गुंडाळायची वेळ आली. म्हटलं, गुंडाळायला मला कोण शिकवणार, जन्म गेला बॉबिन भरण्यात! ऐटीत गुंडाळली, ती नेमकी उलट्या बाजूने. सांधा फिरवत गेले तशी पट्टी सुटत गेली. ही चूक तुझ्या कुठल्याही पत्रात नाही. माझी स्वतःची आहे.

दादा, सांधा ठिबकतोय. खरंच ठिबकतोय. खाली वाटी ठेवली आहे, ती तासाभरात भरते. घड्याळजी आवळून द्यायला आले होते, त्यांना मी हात लावू दिला नाही.

येताना तुझा पाना आण.
ठकू