तुमच्या बंधुराजांनी उचललेलं निशाण

ती. वन्संना,

नमस्कार. एरवी मी साष्टांग नमस्कार लिहिते, पण सध्या मला वाकता येत नाही आणि वाकलेच तर उठता येत नाही, तेव्हा या खेपेला उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, फार बरं वाटलं. थेंब वेळेवर घालता ना? (घालत असणारच. एव्हाना तुम्ही डॉक्टरांनाही वेळ पाळायला शिकवलं असेल.) तुमच्या डोळ्यांना ताण नको म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. पाकीट जाड लागलं तर घाबरू नका, मजकूर थोडाच आहे. (हे वाक्य पत्र संपल्यावर खोडायचं ठरवलं होतं, राहून गेलं.)

इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे आणि तुमचे बंधुराज खिडकीपाशी तोंड पाडून बसले आहेत. त्यांना कोणी काही केलेलं नाही. जे केलं ते त्यांनीच केलं, आणि ते तुमच्या कानावर घालावं म्हणून हा पत्रप्रपंच.

शाळेच्या ग्रंथालयात निम्मी हयात घालवल्यावर मी गेल्या वर्षी विद्यापीठात पदवीसाठी नाव घातलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तेव्हा तुम्ही फोनवर एवढंच 'डबा नेत जा' म्हणालात. मी तो होकार धरला.) पहिल्याच दिवशी मी ओळखपत्राच्या रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आल्यावर कळलं, की रांग ओळखपत्राची नव्हतीच. ओरिएंटीअरिंग नावाच्या खेळाच्या क्लबाचं ते टेबल होतं, आणि ज्यांना मी रांग समजत होते त्या क्लबाच्याच दोन मुली गप्पा मारत उभ्या होत्या. खेळ असा, की अनोळखी जंगलात माणसाला नकाशा आणि होकायंत्र देऊन सोडून द्यायचं. नकाशा सुटायच्या क्षणापर्यंत बघायचा नाही. मग खड्ड्यात, दगडाआड, झुडपात टांगलेली नारिंगी-पांढरी कापडी निशाणं ठरलेल्या क्रमानेच हुडकायची. प्रत्येक निशाणापाशी एक डबी असते, तिच्यात बोटावरची चिप घातली की 'टुक' वाजतं, म्हणजे आपण तिथवर गेल्याची नोंद झाली. एक जरी निशाण सुटलं तरी बाद. आता मला सांगा, जी बाई लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दूध आणायला म्हणून निघाली आणि बस डेपोत सापडली, तिने या भानगडीत पडावं का? (तुम्हीच मला हाताला धरून घरी आणलं होतंत. चार माणसं जमली की ती गोष्ट तुम्ही अजूनही सांगता, आणि दरवेळी डेपो थोडा आणखी लांब जातो.) मी त्या मुलींना तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, काकू, रिलेला तीन बायका लागतात आणि आम्ही दोघीच आहोत.

झालं, मी विरघळले. त्यातली एक वैद्यकीय शाखेची, तिला सगळे डॉक्टर म्हणतात. दुसरी हरणी, ती चालतच नाही, इथून तिथे जायचं तरी पळतच जाते. दोघींचं शेवटचं वर्ष. क्लब जुना, पण महिलांच्या निकालपत्रात त्याचं नाव आजवर एकदाही लागलेलं नाही, कारण तिसरी बाई कधी मिळालीच नाही. त्यांना पदक-बिदक नको होतं. निघण्याआधी एकदा आपलं नाव तिथे छापून यावं, शेवटून पहिलं का असेना, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि तेवढ्यासाठी तिघींचीही सगळी निशाणं पुरी व्हायला हवी होती. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. वर्षभर सरावाला जाऊन मी एकही शर्यत पुरी केली नव्हती, हे त्या दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही. चांगल्या घरच्या मुली आहेत.

त्यात यंदा विद्यापीठांची अजिंक्यपद स्पर्धा आमच्याकडेच. मग जो खेळणार तोच खुर्च्या उचलणार. सगळी सूत्रं एका पीएचडीच्या मुलाच्या हाती, त्याला आम्ही सेनापती म्हणतो. (सैन्य कमी पडलं की तो स्वतःच टेबलं पुसतो.) त्याला माणसं हवी होती आणि मला घरात जागा हवी होती. हॉस्पिटलच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यापासून यांची आमच्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावून झाली होती, आता माझ्यावर लावतील अशी भीती वाटायला लागली होती. मी यांना सेनापतीच्या स्वाधीन केलं. त्याने यांना जंगलाची जबाबदारी दिली, आणि त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. खेळणाऱ्याला जंगलातलं काही कळता कामा नये असा नियम, आणि तुमचे बंधुराज नियमाचे किती पक्के ते मी काय सांगायचं! नकाशे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली उशीखाली. बूट कोणते घालू विचारलं, तर म्हणाले, 'मी काही सांगू शकत नाही.' थंडी असेल का विचारलं, तरी तेच. शेवटी भाजीत मीठ पुरेसं आहे का विचारलं, तर तिथेही क्षणभर विचारात पडले.

शनिवारी विद्यापीठाच्या आवारातली छोटी शर्यत होती, आणि गाड्या लावायच्या जागेपासून पाहुण्यांच्या मुक्कामाच्या व्यायामशाळेपर्यंत बाण चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. (का, ते सेनापतीलाच विचारा. बहुधा सर्वांत निरुपद्रवी काम म्हणून दिलं असावं.) मी फार मन लावून केलं. बाण ठळक, कागद सरळ, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. फक्त एक बाण मी दारावर लावला. दार बंद असेतो तो बरोबर उजवीकडे दाखवत होता. मग कोणा भल्या माणसाने पाहुण्यांची सोय म्हणून दार उघडून भिंतीला टेकवून ठेवलं आणि बाण फिरून भलतीकडे दाखवायला लागला. परिणामी नकाशा वाचण्यात पटाईत म्हणून निवडून आलेली ठिकठिकाणची पोरं, गळ्यात होकायंत्रं घालून, पाठीवर पथाऱ्या घेऊन, एकामागोमाग वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत शिरली. तिथल्या बाईंना वाटलं, एवढे सगळे कपडे धुवायला आले. त्यांनी सगळ्यांना नंबर दिले. एका विद्यापीठाच्या मुलांनी खरंच मोजे धुऊन घेतले. सेनापतीने उरलेले बाण हळूच माझ्या हातातून काढून घेतले.

रविवारी जंगलात रिले. पुरुषांची शर्यत सकाळीच उरकली होती. आमच्यात डॉक्टर पहिली पळाली आणि बऱ्यापैकी लवकर आली, मग हरणी गेली आणि तिने कितीतरी जणींना मागे टाकलं. त्या दोघींनी कमावलेलं सगळं घेऊन शेवटी मी जंगलात शिरले. थोड्याच वेळात बाकीच्या सगळ्या माझ्या पुढे गेल्या. जाता जाता 'छान चाललंय, काकू' म्हणत होत्या, आणि ते ऐकून माझी पाचावर धारण बसत होती. तरी वन्सं, खरं सांगते, चांगलं चाललं होतं. टुक, टुक, टुक. एकेक निशाण जिथे असायला हवं तिथे होतं, आणि त्याहून नवल म्हणजे मीही तिथे होते.

मग खड्ड्यातलं निशाण आलं. म्हणजे आलंच नाही. मोठा दगड होता, त्यामागे खड्डा होता, खड्ड्यात निशाण नव्हतं, डबीही नव्हती. मी लगेच समजले की आपण चुकलो. (इतक्या वर्षांची सवय. मी आणि जग यांचं जमलं नाही तर चूक कोणाची, हा प्रश्न आपल्या घरात कधी पडलाच नाही.) पायवाटेच्या फाट्यापर्यंत मागे गेले, होकायंत्र लावून पुन्हा आले. तोच खड्डा. पुन्हा गेले, दुसऱ्या बाजूने आले, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा मला त्या खड्ड्याचीच लाज वाटायला लागली. दगडावर बसून घटकाभर रडले. मुलींची तोंडं समोर येत होती. मग नाक पुसून नकाशा मांडीवर पसरला. कुंपणाचा कोपरा नकाशात होता तिथेच होता. ओढ्याचं वळण तिथेच होतं. मी बसले होते तो दगडसुद्धा छापलेला होता. म्हणजे मी बरोबर होते आणि निशाणच जागेवर नव्हतं! असं माझ्या आयुष्यात याआधी कधी झालेलं नाही, त्यामुळे पुढे काय करतात ते मला माहीत नव्हतं. दिवसभर तिथेच शोधत बसायचं, की स्वतःवर विश्वास ठेवून पुढे जायचं? मी पुढे गेले. पुढची सगळी निशाणं आपापल्या जागी होती, प्रत्येकाला मी मोठ्याने 'आहेस ना बाबा' म्हणून विचारलं.

धापा टाकत पोहोचले, तर यंत्राने एक निशाण नाही म्हणून बाद ठरवलं. डॉक्टर माझ्या पाठीवर हात ठेवून 'चालतं हो, काकू' म्हणाली. हरणी पहिल्यांदाच एका जागी उभी होती, आणि दुसरीकडे बघत होती. माझा जीव तिळतिळ तुटला. आणि अशा वेळी जंगलातून कोण बाहेर पडलं असेल? तुमचे बंधुराज! खांद्यावर पोतं, पोत्यातून डोकावणारी नारिंगी-पांढरी निशाणं. त्यांना काम होतं सगळ्या जणी परत आल्यानंतर निशाणं गोळा करण्याचं. यांनी सेनापतीला जाहीर केलं की पलीकडच्या बाजूचं आत्ताच उरकलं आहे. सेनापती मटकन खाली बसला.

पंच म्हणून आलेल्या बाई फार कडक. त्यांनी यांना बाजूला उभं केलं, मला कोरा नकाशा दिला आणि कुठे उभी होतीस ते दाखव म्हणाल्या. मी बोट ठेवलं. तिथे काय होतं? मी म्हटलं, दगडावर शेवाळं, खड्ड्यात तुटक्या बादलीची कडी, आणि माझ्या बुटांचे ठसे. बाई स्वतः जाऊन पाहून आल्या. ठसे एका बाईचे वाटत नाहीत, गुरांचा कळप गेल्यासारखे वाटतात, असा शेरा मारून त्यांनी निकाल दिला की धावणारी जागेवर पोहोचली होती, चूक आयोजकांची आहे, संघ धरावा. आमचा शेवटचा नंबर आला. पण महिलांच्या निकालपत्रात सगळ्यांत खाली आमचं नाव छापलेलं आहे! हरणीने मला उचलून गरागरा फिरवलं. (माझ्या कमरेचं कारण हे. खेळाला दोष देऊ नये.)

तर अशी हकीकत. हॉस्पिटलात ज्या माणसाने चिठ्ठीशिवाय आणि वेळेआधी कोणाला बँडेजची पट्टी दिली नाही, त्याला त्याच दिवशी घाई का सुचावी? विचारलं तर एवढंच म्हणतात की हाताशी वेळ होता. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्याशिवाय ते कोणाला बधत नाहीत. काय सुनवायचं ते सुनवा, आणि भीड ठेवू नका. तब्येतीची काळजी घ्या, काळा चष्मा लावल्याशिवाय गच्चीवर जाऊ नका.

तुमची भावजय
(सध्या धावपटू, उभ्याने)

ता. क. तुम्ही विणून दिलेले लोकरीचे मोजे घालूनच पळाले. एक चिखलात राहिला. दुसरा सुखरूप आहे.

ता. क. २. माणसाची तक्रार त्याच्या पाठीमागे करू नये, म्हणून पाकीट बंद करण्याआधी पत्र यांना वाचायला दिलं. चष्मा लावून सगळं वाचलं, बरोबर आहे म्हणाले, आणि कप विसळायला गेले. मग पाठमोरे राहूनच म्हणाले, 'सगळ्या परत आल्या होत्या गं. तू तेवढी राहिली होतीस.' काम असल्याशिवाय कोणालाही जंगलात सोडत नव्हते, म्हणून त्यांनी पोतं उचललं आणि मला शोधायला आत शिरले. त्या खड्ड्यापाशी आले, मी दिसले नाही, म्हणजे मी पुढे गेले असणार असं समजून त्यांनी निशाण उचललं. मग ओढ्यापर्यंत मला हाका मारत गेले. त्या हाका मी ऐकल्या होत्या, वन्सं. मला वाटलं, कोणीतरी बिचारं हरवलं आहे.

ता. क. ३. तेव्हा वर सुनवण्याबद्दल लिहिलं आहे ते सोडून द्या. खरं काम वेगळंच आहे. डॉक्टर आणि हरणी आता जातील, पण दोन नव्या मुली मिळाल्या आहेत आणि पुढच्या स्पर्धेला मी नाव दिलं आहे. हेही येणार आहेत. तुम्ही फक्त फोन करून तुमच्या त्या आवाजात त्यांना एवढं सांगा, की ती हरवेल, सगळ्या आल्यावरही येणार नाही, अंधारून आल्यासारखं वाटेल, तरी जागा सोडायची नाही. चहा झाकून ठेवायचा आणि उभं राहायचं. मला शोधायला येऊ नका म्हणावं. मी येते.