धाग्याची खाच

अमरावती,
११ जानेवारी २००७

प्रिय नगमा,

हे पत्र तुला क्लेअरच्या हातून मिळेल. ती आज संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी धरते आहे, आणि मी ओपीडीच्या मागच्या खोलीत, तू जिचा पाय मोडून ठेवलास त्याच खुर्चीवर कशीबशी बसून लिहिते आहे. मेल का नाही केला, असं विचारशील. सायबर कॅफेत मागं पोरं ताटकळत उभी असताना हे मला लिहिता आलं नसतं. आणि तूही ते तिकडं चारचौघांत बसून वाचावंस असं मला वाटत नाही. पाकीट मिळालं की आधी आपल्या खोलीवर जा.

तुझा मागचा मेल मी पुन्हा पुन्हा वाचला. तिथला पेशंट वेळ ठरवून येतो, आणि वर ठरलेल्या वेळेला येतो, हे वाचून इथं सगळ्यांना हसू आवरेना. मग शेवटची ओळ आली. अम्मी फोनवर दोन वाक्यं बोलते आणि रिसीव्हर भावाच्या, शाकीबभाईंच्या हातात देते, मी एवढ्या लांब आले म्हणून ती नाराज आहे का, सीमा, तू खरं सांग. नगमा, तुझी अम्मी, माझी खाला, तुझ्यावर नाराज नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना निदान तेवढी एक काळजी तुझ्या डोक्यात नको. बाकीचं सांगायला मला जरा मागून यावं लागेल.

तुझ्या बदल्यात तिकडच्या डेंटल कॉलेजातून क्लेअर आली तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, हे कबूल. तू तिकडची नवी यंत्रं बघायला गेलीस, आणि ही आली आमची खराब झालेली तोंडं बघायला, कारण तशी तोंडं त्यांच्याकडं बघायला मिळत नाहीत. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं की शेतकरी मरतात ते गाव इथून किती दूर आहे. मी म्हटलं, सगळीकडंच आहे, तू चहा घे. पण पोरगी वाईट नाही. तुमच्या वलगावच्या शिबिरात पुंजाजी नावाच्या एका आजोबांनी आपल्या तळहातावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा तिच्यापुढं धरला. पाहुण्याला नाही म्हणू नये असं कोणीतरी तिला शिकवलेलं, म्हणून तिनं तो खाल्ला. त्यानंतर ती पाण्याच्या पिंपाजवळून हलेना. आजोबा मात्र खूश. तिला परत जाऊन आपल्या वर्गापुढं इथल्या कामाबद्दल बोलायचं आहे, त्यासाठी ती दिसेल त्या तोंडाचे फोटो काढायची. चेहरा येऊ द्यायची नाही, नाव लिहायची नाही, विचारल्याशिवाय कॅमेरा हातात घ्यायची नाही.

त्या शिबिराला गर्दी तोबा होती. यंदाही कापसानं सगळ्यांना रडवलं, वेचणीला बाया लागेनात इतका कमी निघाला, म्हणून एरवी घरी न सापडणाऱ्या बायाही शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसल्या. त्यातून गोरी डॉक्टरीण बघायची हौस. मी दात काढायच्या टेबलाला होते, मान वर करायला सवड नव्हती. क्लेअर दुसऱ्या टोकाला तोंडं तपासत होती. पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावायची, आत गेली की तोंड नीट उघडतं. तेवढी खूण करायला भाषा लागत नाही. मला खाला तिथं दिसली नाही. तू असतीस तर तुलाही दिसली नसती, कारण ती आपल्या घरच्या बाजूनं आलीच नाही. शेजारणीचा बुरखा घालून, मागच्या फाटकातून येऊन, ती क्लेअरच्या रांगेत बसली होती.

संध्याकाळी मेसमध्ये क्लेअरनं लॅपटॉपवर फोटो दाखवले. मी पोळी खात बघत होते. एक फोटो आला आणि मी पोळी ताटात टाकून पुढं वाकले. वरच्या पुढच्या दाताला बारीक खाच, आणि शेजारच्या दाताचा कोपरा किंचित उडालेला. तुला मी सांगायला नको. दुसऱ्या वर्षाला आपण शिकलो की शिवणकाम करणाऱ्यांच्या दाताला धागा तोडून तोडून खाच पडते, आणि तू शनिवारी घरी पळालीस आणि सोमवारी अम्मीच्या दातांचा पांढरा ठसा रुमालात गुंडाळून घेऊन आलीस. पुस्तकातल्या चित्रापेक्षा माझ्या अम्मीची खाच चांगली आहे म्हणून तू वर्गभर मिरवलीस. तो ठसा अजून आपल्या टेबलावर आहे, त्याच्या बाजूला तुझं तेलाचं डबडं. मी खोलीत जाऊन तो घेऊन आले आणि फोटोशेजारी धरला. क्लेअरनं विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही.

त्या फोटोत दात तेच होते, बाकी तोंड ओळखू येत नव्हतं. गालाची आतली बाजू पांढरी आणि ताठ पडलेली, आणि जिभेच्या डाव्या कडेला जखम. तीनऐवजी एकच बोट आत गेलं, असं क्लेअर म्हणाली. ज्या तोंडात तू ठशाचा अख्खा ट्रे घातलास, त्यात आता चमचा आडवा जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी वलगावला गेले. खाला मशीनवर बसली होती. मला बघून तिनं दुपट्टा तोंडावर ओढून घेतला, हसताना नेहमी घेते तसाच. आपण त्याला तिची अदब समजत आलो, नगमा. मी ठसा तिच्यासमोर मशीनवर ठेवला. तिनं त्याच्या खाचेवरून बोट फिरवलं. मग दातांतल्या दातांत, हळू, पण स्पष्ट म्हणाली, “त्या गोऱ्या पोरीले दाखवलं, काहून का ते सात समुद्रापार चालली. ते कोनाले सांगनार हाये? तुले दाखवलं असतं तं तू नगमाले कळवल्याबिगर राहिली नसती.”

मग एकेक निघत गेलं. दोन-तीन वर्षांपासून गावात शिवण कमी झालं. ज्या घरांतून लग्नाचे कपडे यायचे तिथं लग्नंच पुढं ढकलली जाऊ लागली, आणि झाली तरी रजिस्टर पद्धतीनं, आहे त्या कपड्यात. शाकीबभाईंच्या लेकरांची पोटं भरून उरेल ते ती खायची. पुष्कळदा उरायचं नाही. तोंडात सुपारी असली की भूक कळत नाही, असं तिला मशीनवर बसल्या बसल्या समजलं, आणि मग सुपारी सुटली नाही. सुपारीनं गाल ताठून तोंड उघडेना तेव्हा ती भाकर चहात बुडवून खाऊ लागली. तू समोर बसलीस की म्हणायची, मी आधीच जेवले. ते मी किती वेळा ऐकलंय. दातांच्या दोन डॉक्टरणी तिच्या ताटात जेवल्या आणि ती का जेवत नाही हे दोघींनाही कळलं नाही. मला याचा फार राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही.

मी तिला शाकीबभाईंसोबत इथं आणलं. सरांनी जिभेवरचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आपल्याला भीती वाटते तोच आला. अकोल्याला ऑपरेशन ठरलं आहे, पुढच्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, गाठ पसरलेली दिसत नाही, आणि हे मी तुला धीर द्यायला म्हणून लिहीत नाही, मी स्वतः ऐकलं. पण जिभेचा काही भाग जाईल. त्यानंतर तिचं बोलणं आज आहे तसं राहणार नाही. परत येताना बसमध्ये खाला खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, “नगमाले सांगू नको. अर्ध्यातून वापस आली तं पुन्हा कोन बलावते तिले?” मी नुसती मान हलवली. तिनं तो होकार धरला, आणि मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

मी तो होकार पाळलाही असता, नगमा. तू परत येईपर्यंत गप्प बसले असते आणि मग तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या. पण परवा क्लेअरनं सांगितलं की तिनं आपले फोटो इथूनच पुढं पाठवले आणि तिच्या सरांनी त्यातला एक सगळ्यात मोठा करून दाखवायला निवडला. पुढच्या शुक्रवारी ती तुमच्या हॉलमध्ये बोलणार आहे. वऱ्हाडाचं काही दाखवणार म्हटल्यावर तू पहिल्या रांगेत जाऊन बसशील, मी ओळखते ना तुला. दिवे मालवतील आणि पडद्यावर तुझ्या अम्मीचं तोंड भिंतीएवढं येईल. बाकी कोणाला ते कुठल्यातरी गावातल्या कुठल्यातरी बाईचं वाटेल. तुला ती खाच दिसेल. क्लेअरला मी काही सांगितलं नाही. ज्या पोरीच्या हातात खालानं आपलं गुपित विश्वासानं दिलं, तिला ते कोणाचं आहे हे तूच सांग किंवा सांगू नकोस. यायचं की काम पुरं करायचं, हेही तूच ठरव. आलीस तर बडनेऱ्याला मी उभी असेन, नाही आलीस तर अकोल्याला तुझ्या जागी मी बसेन. फक्त मंगळवारच्या आत घरी फोन कर. मी बरी हाये, तू जेवली का, एवढं म्हणून ती रिसीव्हर शाकीबभाईंकडं द्यायला लागेल. तिला बोलताना दुखतं म्हणून ती तसं करते. या वेळी देऊ देऊ नकोस.

तुझीच,
सीमा