व्हिएतनामच्या फॉर्मवरचं नाव

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

उदगीर,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. शरणक्कास,
वैजनाथचे शि. सा. न. वि. वि.

परवा सोमवारी सकाळी लिंगपूजा आटोपली, विभूती लावली, दुकानाच्या किल्ल्या घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्यानं म्हणालो, सिन चाओ. व्हिएतनामची माणसं भेटल्यावर असं म्हणतात, आपण शरणु म्हणतो तसं. आत कोणी नव्हतं. ओट्यावर माझाच एक कप पालथा होता. पण अक्का, घरात माणसाचा आवाज झाला. दुकानात दिवसभर बियाणं, खत, फवारणी यावर बोलतो. घरी आलो की दुसऱ्या दिवशी कुलूप लावेपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. त्या दिवशी निघाला.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितो. बियाण्याची कंपनी टार्गेट पुरं करणाऱ्या दुकानदारांना जोडीनं सहलीला नेते, हे तुला माहीत आहे. यंदा आपला नंबर लागला. जानेवारीत सहा दिवस व्हिएतनाम. मी मोबाइलवर एका बाईंचे धडे बघतो आणि लांब वहीत देवनागरीत उतरवून घेतो. काम अन म्हणजे आभार. सिन लोई म्हणजे माफ करा. तोइ आन चाय म्हणजे मी शाकाहारी आहे. हे शेवटचं रोज अकरा वेळा म्हणतो. तिथं बाकी काही चुकलं तर चालेल.

आता खरी गोष्ट. दसऱ्यानंतर कंपनीचा सुदर्शन फॉर्म घेऊन आला. जुन्या नोंदीवरून नावं आधीच छापलेली होती. एक माझं, खाली सौ. उज्वला. मी खोडायला पेन उघडलं आणि सही करून मोकळा झालो. पोरगं नवीन आहे, त्याला काय ठाऊक. आता यादी सगळ्या दुकानदारांच्या ग्रुपवर आली आहे. तिला जाऊन चौदा महिने झाले हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांनी नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलं. पंधरा डिसेंबरपर्यंत लातूरच्या ऑफिसात जाऊन नाव बदलावं लागेल. बदललं नाही तर दोन्ही जागा रद्द. मूलबाळ असतं तर त्यांनी हे काम केलं असतं. मला ते होत नाही.

तब्येत सांभाळ. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
वैजनाथ

—

लोहा,
२० नोव्हेंबर २०२५

चि. वैजनाथ यास शरणक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन आता मला मुद्दाम हाक मारत न्हाई, कडी वाजवत न्हाई, सरळ येऊन पत्र पुढ्यात धरतो. शहाणा झालाय.

तू रिकाम्या स्वयंपाकघराला नमस्कार करतोस, हे वाचून आधी हसले आणि मग भाजी करपली. शाळेत कानडीचे चार शब्द यावेत म्हणून गुरुजींनी तुला वर्षभर मारलं आणि आता पन्नाशीला टेकल्यावर एकदम व्हिएतनामी! तुझी वाक्यं मी पण पाठ केली. माझा आवाज मला येत न्हाई, म्हणून शेजारच्या गंगम्माला ओट्यावर बसवून म्हणून दाखवली. ती म्हणाली की मी भांडण काढल्यागत वरडते. तिला पुन्हा म्हणून दाखवली.

आता कान उघडे ठेवून वाच. सहीचं झालं ते झालं. त्या जागेवर माझं नाव लिही. मानसरोवरासाठी काढलेला पासपोर्ट माझ्याकडं हाय. ती यात्रा करोनात बुडाली, पण पासपोर्ट अजून साडेतीन वर्षं चालतो. अंगणवाडीत इतकी वर्षं काढली त्याची पेन्शन न्हाई, पण गुडघे चांगले हायेत. मी कधी कुणाकडं काही मागितलं न्हाई. हे मागते.

पत्राला उशीर करू नकोस. ऊन-थंडी बघून कानटोपी घाल.

तुझी,
शरणक्का

—

उदगीर,
२९ नोव्हेंबर २०२५

ती. शरणक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळून पाच दिवस झाले. हरभऱ्याचे शेतकरी दुकानात येतात म्हणून उशीर झाला असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल.

तिकडची एक गोष्ट मला फार आवडली. समोरच्या माणसाला नुसतं तुम्ही म्हणून भागत नाही. तो आपल्यापेक्षा मोठा की लहान, भाऊ की काका, हे मनाशी ठरवूनच हाक मारायची. थोरल्या बहिणीएवढ्या बाईला ‘ची’ म्हणायचं. उपाहारगृहात वाढणारी, बसचं तिकीट देणारी, सगळ्या कोणी ना कोणी लागतात. अमावस्या-पौर्णिमेला बरीच माणसं मांसाहार सोडतात असंही कळलं. हे ऐकून परका मुलुख थोडा जवळ आला.

तुझ्या मागणीबद्दल. अक्का, ही दुकानदारांची सहल असते. संध्याकाळी पार्टी चालते, मोठमोठ्यानं गाणी लागतात. बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांबरोबर असतील. बाहेर गर्दी, मोटारसायकलींचा नुसता पूर. तिथं मी मागून हाक मारली तर तुला ऐकू येणार नाही. भाऊजी गेल्यापासून तुझी जबाबदारी माझ्यावर आहे, काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? मला वाटतं आपण दोघांनी महाशिवरात्रीला परळीला जावं. जागा रद्द झाली तर होऊ दे.

राग धरू नकोस. मी तुझा धाकटाच आहे.

वैजनाथ

—

लोहा,
५ डिसेंबर २०२५

चि. वैजनाथ यास आशीर्वाद.

तुझं म्हणणं बरोबर हाय. परळीचं बघू.

मागितलं ते का मागितलं, तेवढं सांगते. इथं सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू येतं, एक मलाच न्हाई. लग्नात, बारशात मला पंख्याखाली नेऊन बसवतात आणि दोनच गोष्टी खुणेनं विचारतात, जेवलीस का, झोपतेस का. तू लिहिलंस तसल्या मुलुखात तुम्हा सगळ्यांनाच काही कळणार न्हाई. सगळे खुणा करतील, तोंडाकडं बघत राहतील. सहा दिवस तुम्ही सगळे माझ्यासारखे. ते मला बघायचं होतं.

आणि दुसरं. उज्वला इथं आली की माझ्यासमोर मांडी घालून बसायची आणि हळू बोलायची, ओठ दिसतील असं. कधी वरडली न्हाई. तुझ्या दुकानातल्या गमती, तुझी घोरण्याची नक्कल, सगळं मला तिच्याकडनं कळायचं. ती गेल्यावर सगळे तुला भेटायला आले. मी पण तुझ्याच शेजारी येऊन बसले होते. माझ्याशी बोलणारं माणूस गेलं, हे कुणी धरलंच न्हाई. तूही न्हाई.

तिच्या जागी बसायचा हट्ट नव्हता. तिला ठाऊक असतं तर तिनंच मला पुढं केलं असतं, असं वाटलं.

वही लिहायचं सोडू नकोस. जेवत जा.

शरणक्का

—

लातूर,
१२ डिसेंबर २०२५

ती. शरणक्कास,
वैजनाथचे शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लातूरच्या बसस्टँडवर बाकड्यावर बसून लिहितो आहे. अक्षर हललेलं असेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं. पंधरा महिने मी असं धरून चाललो की तिचं जाणं हे फक्त माझ्या घरातलं आहे. लोह्याला ती तुझ्याशी तासन् तास काय बोलते, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मी बाहेर मोटारसायकल पुसत बसायचो. गर्दीत तुला हाक ऐकू येणार नाही, असं मी लिहिलं. ती असती तर तिनं मागून हाक मारलीच नसती, शेजारून चालली असती. मी चुकलो, अक्का.

काल गंगम्मांच्या सुनेला फोन करून तुझ्या पासपोर्टचा फोटो मागवून घेतला. कशासाठी ते तुला सांगू नका म्हणून बजावलं होतं. त्यांनी सांगितलं असेल तर आता हसू नकोस.

आज साडेअकराला ऑफिसात गेलो. साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते गोंधळले, मग म्हणाले की रक्ताचं नातं असेल तर चालतं, फक्त मूळ फॉर्मवर बदल करून शेजारी सही हवी. तिथल्या क्लार्कबाईंनी फॉर्म काढला आणि व्हाइटनरची बाटली माझ्यापुढं सरकवली. मी नको म्हणालो. त्यांना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी टोपण काढून दिलं. मी पुन्हा नको म्हणालो.

उज्वलाच्या नावावर मी एकच बारीक रेघ ओढली, नाव वाचता येईल अशी. त्याच्या खाली, जागा थोडी होती म्हणून बारीक अक्षरात, तुझं नाव लिहिलं आणि सही केली.

धाकटा,
वैजनाथ