इस्त्रीची घडी

मंगळवार, १८ जून

ताई,

नमस्कार. दाजींचा गुडघा आता कसा आहे? तुझी लेक इथे बरी आहे. जेवते, थोडी झोपते. काल मामीला म्हणाली, "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" मामी हसली आणि आत जाऊन रडली.

तू विचारलं होतंस, दवाखान्यात तिला कुणी टोचून बोललं का. नाही. नात्यातला म्हणून मी तपासणीच्या खोलीत गेलो नाही, दाराबाहेर बाकावर बसलो. मोठ्या सिस्टरांचा आवाज येत होता. "आता नखांखालचं घेते हं. चालेल? नको वाटलं तर थांबू." दर वेळी विचारून. नंतर गोळ्या दिल्या, स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली. इतकी वर्षं मी तिथेच नर्सचं काम करतो, पण दाराबाहेरून ते कसं ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशीचे कपडे तू पिशवीतून पाठवले होतेस. असे कपडे आम्ही झटकतसुद्धा नाही. ओले असले तर सावलीत वाळवतो आणि एकेक वेगळा कागदात बांधतो. सिस्टरांनी पिशवी उघडली आणि दारातून माझ्याकडे पाहिलं. कुर्त्याला इस्त्रीची घडी होती. साबणाचा वास बाकापर्यंत आला. तू कपडे धुतलेस, तिलाही न्हाऊ घातलंस, हे मला तेव्हाच कळलं.

अहवालाला वेळ लागेल असं मी मागे कळवलं होतं. ताई, अहवाल तेव्हाच आला होता. कपड्यांवर, नखांखाली, त्याचं काहीच मिळालं नाही.

"मामा, आईला सांगू नकोस. ती स्वतःला दोष देत बसेल," असं म्हणून तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. पण आता तारीख लागली आहे. त्याचा वकील तुला भर कोर्टात विचारणार, कपडे कुणी धुतले, का धुतले. ते परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. आणि खरं तेच सांग. लेकरू तसं दारात उभं राहिल्यावर आईचा हात पाण्याकडेच जाणार.

सरकारी वकीलबाई म्हणतात, पोरीचा जबाब आहे, त्यावर लढू. म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी रोज देवापुढे बसतो. काय मागावं ते सुचत नाही.

काल ती म्हणाली, "मामा, त्या दिवसातलं चांगलं एवढंच आठवतं, आई पाठीवर कोमट पाणी ओतत होती."

नेमकं त्याचंच उत्तर तुला द्यावं लागणार आहे.

तिला दिलेला शब्द मोडून,
तुझा धाकटा