खरकटे हातमोजे

आई, आमच्या वृद्धाश्रमातली जुलाबाची साथ काल एकदाची संपली. मी इथली व्यवस्थापक आहे, हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजातच होते.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या जुन्या घरच्या स्वयंपाकघरातली एक दुपार सारखी आठवते. मी जेवता जेवता, भात कालवलेल्या हातानेच लोणच्याची बरणी उघडते आहे, आणि तू ओरडते आहेस, "काहून गं पोट्टी, बी.एस्सी. करून राहिली न? खरकटा हात बरणीले लावते?" मी हे सगळं जुनाट सोवळं आहे, असं व्याख्यान झोडलं. "हव बाई, तू लई शिकली. धू हात." मी धुतले, पण पाय आपटत.

इथे सगळे मला वचकून असतात. साथ सुरू होताच मी हातमोजे सक्तीचे केले. सकाळची फेरी माझी: कुणाची ओली चादर चाचपायची, कुणाचं तोंड पुसायचं, कुणाला पाणी पाजायचं. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर, आणि मोज्यांची जोडी एकच. हात स्वच्छ आहेत या खात्रीत मी होते. स्वच्छ होते ते मोज्यांच्या आतले, माझे.

खिडकीजवळच्या खाटेवर अकोल्याकडच्या एक आजी होत्या. मी पेला पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. "मॅडम, आत्ता त्या बाईचं तोंड पुसलं न तुम्ही? खरकटे हायत हे मोजे."

आया हसली, "दीदी, दादी बहुत छुआछूत मानती हैं."

मीही हसले. क्षणभर तूच बोललीस असं वाटलं आणि बहुधा म्हणूनच मी ऐकलं नाही. दटावून पाणी पाजलं. दोन दिवसांनी त्यांना जुलाब सुरू झाले. आठवड्याच्या आत त्या गेल्या.

आता दर खाटेला मोजे बदलतो, साबणाने हात धुतो. अहवालात मी पाण्याच्या टाकीचं कारण लिहिलं. टाकी मळलेली होतीच. मला कुणी उलट विचारत नाही, आई. ओरडायला तर कुणीच उरलं नाही. त्या सकाळी ओरडायला तू हवी होतीस.

आजींचा मुलगा उद्या सामान न्यायला येतोय. हे पत्र कुठे जाणार नाही, ठाऊक आहे. त्याला खरं सांगायचं ठरवलंय, एवढंच तुला कळवायला बसले होते. पण लिहिता लिहिता कळतंय, अजून ठरलेलं नाही.