शमीम गाडीत होती

५ डिसेंबर २००१, बुधवार
शमीम आज वेळेवर ड्यूटीला आली. मला वाटलं नव्हतं.

काल रंजना गेली. बाळंतपण इथंच नीट झालं, मुलगी झाली, मग रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले पुण्याला हलवा. अँब्युलन्समध्ये सोबत नर्स म्हणून शमीम. नवरा, सासू मागून जीपमध्ये. कळंबच्या पुढं शमीमच्या मांडीवर गेली. गाडी तिथूनच फिरली. शमीम आली तेव्हा रोजा सोडायची वेळ कधीच टळली होती. पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

रंजना येडगावची. बी.पी. वाढलं म्हणून आधीपासून दाखल होती. दोघींची गट्टी. शमीमचा रोजा म्हणून ही भिंतीकडं तोंड करून जेवायची.

आज इन्चार्ज बाई म्हणाल्या, "शमीम, पाच नंबरची सलाईन बघ." पाच नंबर म्हणजे रंजनाचीच कॉट. चादर बदललेली, बाई नवीन. शमीम गेली, सलाईन बघितली.

मीही काही विचारलं नाही. काय विचारणार.

७ डिसेंबर, शुक्रवार
रंजनाचा भाऊ आला. सोबत गावातले लोक. "गाडीत कोण नर्स व्हती? तिला भाईर काढा!" शमीम औषधांच्या खोलीत. मी आतून कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज. शमीम कापसाचे बोळे करत होती, एकसारखे, हात थांबेनात.

डॉक्टरांनी समजूत घालून त्यांना पाठवलं. मग आम्हा सगळ्यांना तंबी: नातेवाइकांशी कुणी एक शब्द बोलायचा नाही.

शमीम कशी आहे, हे तेव्हाही कुणाच्या तोंडून आलं नाही.

९ डिसेंबर, रविवार
आज वाईट झालं असतं. प्रसूतीच्या टेबलावर ओतूरची बाई. मूल आलं, रडलं. शमीमच्या हातात कात्री, पण नाळ कापेना. नुसती बघत राहिली. मी कात्री काढून घेतली. बाळ, आई बरी. इन्चार्ज बाईंनी बघितलं की नाही, कळलं नाही.

हात धुताना म्हणाली, "ताई, मला येडगावला जायचंय. दहाव्याला."
"वेडी झालीस का? तो भाऊ फाडून खाईल तुला."
"गाडीत काय झालं ते मला कुणी विचारलंच न्हाई, ताई. डॉक्टरनी न्हाई, बाईंनी न्हाई. अम्मी म्हनती, रोज्यात असलं बोलू नको."
"बरं. मी विचारते. काय झालं?"
"आता नको. आदी तिच्या मानसांला सांगते. त्यांचा हक हाय."

घरी आले तर कणीक मळताना आहुप्याचा तो साप चावून गेलेला मुलगा आठवला. किती वर्षं झाली. त्याच्या आईनं त्याची चप्पल मागितली होती. मी कॉटखालून काढून दिली आणि डबा खायला बसले. बटाट्याची भाजी होती. हे कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. ह्यांनी विचारलं, कणीक एवढी सैल कशी?

११ डिसेंबर, मंगळवार
शमीमनं रजा मागितली. इन्चार्ज बाई: "प्रत्येकीच्या दहाव्याला जायला लागलो तर वॉर्ड कोण बघणार गं?" आवाज कडक, पण नजर खाली.

डॉक्टर: "तुम्ही तिथं गेलात म्हणजे चूक कबूल केल्यासारखं दिसेल. जायचं नाही."
मी म्हणाले, "बरं सर."
गुरुवारी माझी सुट्टी. शमीमची दुपारपाळी. सकाळी जाऊन परत येता येईल. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, नोकरी जाईल. जाईलही.

१३ डिसेंबर, गुरुवार
जाऊन आलो.

धरणाच्या पाण्याकाठी विधी. बायका एका बाजूला. आम्ही मागं उभ्या राहिलो तरी दवाखान्यातल्या म्हणून भावानं ओळखलं. तडक आला. "कशाला आल्या? बघायला?" मी पुढं होणार तेवढ्यात शमीमच म्हणाली, "तुमच्या बहिणीजवळ मी व्हते. काय विचारायचं ते मला विचारा."

तो मूठ आवळून उभा. रंजनाचा नवरा, दत्ता, उठून आला. डोकं भादरलेलं, त्यामुळं पोरगाच वाटत होता.

"काय बोल्ली का वो ती?"
"खिडकी उघडा म्हनाली. मला गाडी लागती, म्हनाली. मी उघडली. मंग माझा हात धरला. मंग न्हाई बोलली काई."
"लई तरास झाला का?"
शमीम थांबली. मला वाटलं, खोटं सांगेल. मी सांगितलं असतं.
"झाला. थोडा येळ. मंग झोप आल्यावानी झालं."

दत्ता खाली बसला. "लग्नाच्या वऱ्हाडातबी तिला गाडी लागली व्हती," म्हणाला आणि रडायला लागला. भाऊ आमच्याकडं पाठ करून पाण्याकडं बघत राहिला. सासूनं शमीमला विचारलं, "तू कोनाची गं?" जुन्नरची, मणियारांची, म्हणाली. म्हातारी म्हणाली, "बस की मंग. उभी का?"

येताना शमीम टमटममध्ये रडली. पहिल्यांदाच. चप्पल मागणाऱ्या त्या आईचं तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं. रडता रडता ऐकत होती.

१५ डिसेंबर, शनिवार
डॉक्टरांना कळलं. दोघींना मेमो. खुलासा सोमवारी हवा. सोमवारी ईद, निदान तिला तरी एक दिवस जास्त द्यायचा.

शमीम म्हणते, प्रसूतीकडं नको, बाह्यरुग्णला टाका. बाई नुसतं "बघू" म्हणाल्या.

१८ डिसेंबर, मंगळवार
शमीमनं शीरखुर्मा आणला. कपडे बदलायच्या खोलीत खात होतो, तर इन्चार्ज बाई आल्या, दार लावून घेतलं. मेमोचं बोलणार, म्हटलं. बाई बाकावर टेकल्या. "त्या दिवशी मी तुला पाच नंबरला धाडलं. मला दुसरं काही सुचेना गं. आम्हाला असंच शिकवलंय, हाताला काम दिलं की माणूस सावरतं." शमीम म्हणाली, "मी न्हाई सावरले, बाई." बाईंनी वाटी घेतली, पण खाल्लं नाही.

२० डिसेंबर, गुरुवार
दुपारी जीपनं एक बाई आणली, घरीच बाळंत झालेली, रक्त जाणारी. डॉक्टर म्हणाले, हलवा. "सोबत कोण?" शमीम आता बाह्यरुग्णला, तिथल्या दारात उभी, तोंड पांढरं. मी म्हणाले, मी जाते. तेवढ्यात त्या बाईनं शमीमचाच पदर धरला. जवळ तीच होती म्हणून असेल.

इन्चार्ज बाई डॉक्टरांच्या समोरच म्हणाल्या, "शमीम, जाशील? नाही म्हणालीस तरी चालेल. मी तुझ्या जागी जाईन."
शमीमनं बाईंकडं बघितलं, मग त्या बाईकडं. गाडीत चढली.

आता दिवेलागण झाली. पुण्याहून फोन नाही. लाईन लागत नाही. मी घरी गेले नाही, बाईही गेल्या नाहीत. पायरीवर बसून लिहितेय. बाई शेजारी शाल घेऊन बसल्यात. फाटकाशी दिवे दिसले की दोघी उठतो. मघा उठलो तर दुधाची गाडी निघाली.