फॅमिली डेचं जेवण, भर तळ्यात

१ जानेवारी, सोमवार. न्यू इयर्स डे.
नवी वही, नवा मी. संकल्प एकच: झिनेटला घरी आणणे. लग्नाची बायको भावाकडे जाऊन राहते हे बरं दिसत नाही. त्यात त्या भावाचं, रेआलचं घर तळ्याच्या बरोबर पलीकडच्या काठावर.

कारण अगदी क्षुल्लक. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला तिचं सगळं माहेर उरलेली टर्की खायला आमच्याकडे जमलं होतं. घर तापवणारी फर्नेस जरा कुरकुरत होती, म्हणून मी ती खोलून ठेवली. बाहेर उणे अठरा. मंडळी कोट घालून जेवली, मग ऊब हवी म्हणून रेआलकडे गेली. झिनेटही गेली. बाकीचे आपापल्या घरी परतले, ती परतली नाही.

झिनेटने फोनवर मागचं सगळं उकरून काढलं. व्हिक्टोरिया डेला माझ्या फटाक्याने शेजाऱ्यांच्या बोटीचं कापड जळालं. कॅनडा डेच्या मिरवणुकीत माझं पुठ्ठ्याचं मूस हरीण शिंगांसकट विजेच्या तारेत अडकलं. थँक्सगिव्हिंगला टर्की उकळत्या तेलात सोडली आणि व्हरांडा जळून गेला. म्हणाली, लोक सुट्टीची वाट बघतात रे वेंडेल, मी सुट्टी जवळ आली की विम्याचे कागद शोधते. टर्की चवीला उत्तम झाली होती, हे मात्र सोयीस्कर विसरली.

१४ जानेवारी, रविवार.
झिनेटचा फोन. फेब्रुवारीत फॅमिली डेच्या सुट्टीला दुपारी रेआलकडे जेवायला ये, म्हणाली. रस्त्याने ये. काही आणू नकोस, काही करू नकोस. बस, जेव, माणसांशी चार शब्द बोल. एक सुट्टी धड जाऊ दे, मग मी घरी यायचं बघते.
इतकी सोपी अट कुणी घालतं का? म्हणजे तिला काहीतरी खास अपेक्षित आहे.

२० जानेवारी, शनिवार.
सुचलं. फॅमिली डेचं जेवण बर्फावर! मासेमारीची झोपडी ट्रकने ओढत गोठलेल्या तळ्याच्या मधोमध नेऊन ठेवली. निम्मं अंतर तिचं, निम्मं माझं. झिनेटच्या डोळ्यांत पाणी येणार.
तळ्यावरच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना लोकांनी जुनी ख्रिसमसची झाडं रोवून खुणा केल्यात, दरवर्षीसारख्या. शेजारच्या झोपडीत म्हातारा मर्डो. म्हणाला, यंदा बर्फाचं काही खरं दिसत नाही. मर्डो दरवर्षीच काहीतरी म्हणतो.

२ फेब्रुवारी, शुक्रवार.
रेडिओवर सांगितलं, ग्राउंडहॉग बिळाबाहेर आला, त्याला स्वतःची सावली दिसली नाही, तेव्हा वसंत लवकर येणार. एका जाड्या उंदराला हवामान विचारणारा आमचा देश. छपरावरून दिवसभर पाणी गळत होतं, पण त्याचा त्या उंदराशी काय संबंध?

९ फेब्रुवारी, शुक्रवार.
पाऊस. फेब्रुवारीत.
लोकांनी झोपड्या हलवायला सुरुवात केली. एवढ्यात हातपाय गाळले. मर्डोनेही आपली ओढून काढली. म्हणाला, बाबा रे, तुझीपण काढ. मी म्हटलं, माझ्याकडे सासरची मंडळी जेवायला येणार आहेत. त्याने विचारलं, तळ्यावर? मग टोपी काढून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मला ते आवडलं नाही.
चला, मासे आता सगळे माझे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार.
झोपडीत टेबल नेऊन टाकलं. जाताना बुटांच्या वर पाणी. बर्फावर पाणी असणारच, बर्फ पाण्याचाच असतो. बर्फात पाडलेल्या मासे धरायच्या भोकातून पाणी आपसूक वर येतंय, झोपडीची जमीन ओली आहे. जुना गालिचा टाकू.
बर्फ हुंकार देतो. लांबून सुरू होतो आणि पायाखालून निघून जातो. जाड होताना बर्फ आवाज करतो, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त तो कडाक्याच्या थंडीत करतो, आणि आज मी कोट काढून काम करत होतो.
परतताना वाटेवरची दोन झाडं दिसली नाहीत. वाऱ्याने पडली असणार. पडलेलीही दिसली नाहीत.
जाडी मोजायची होती, पण गिरमिट गॅरेजमध्ये पार तळाशी आहे. सुट्टी झाली की काढतो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार.
रेआलला विश्वासात घेतलं. म्हटलं, झिनेटला सांगू नकोस, एकच्या सुमारास मी ट्रक घेऊन येतो आणि सगळ्यांना बर्फावर नेतो. तो म्हणाला, वेंडेल, नीट ऐक. रस्त्याने ये. ती तुझ्यासाठी मांस भरलेली तूर्तिएर करतेय, कणीक कालच मळून ठेवलीय. सारखी विचारते, येईल ना तो सरळ? मी तिला हो सांगितलंय. मला तोंडघशी पाडू नकोस.
मी म्हटलं, बरं. मेहुण्याला हेवा वाटतो, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, रविवार.
थंडी परतली! रात्रभर बर्फ पडला. तळं पांढरंशुभ्र, सपाट. पाणी नाही, भेगा नाहीत, काही म्हणजे काही दिसत नाही. सगळ्या शंका झाकल्या गेल्या.
तळ्यावर आता एकच झोपडी. दुपारी काठावर उभा राहिलो तर हुंकारही नाही. बर्फ इतका शांत कधी नसतो. अंगावर काटा आला. उत्साहानेच असणार.

१९ फेब्रुवारी, सोमवार. फॅमिली डे, दुपार.
बीन्सचं पातेलं, खुर्च्या, घोंगड्या ट्रकमध्ये. दाढी केली. तिने दिलेला लाल शर्ट घातला. रस्त्यानेही जाता आलं असतं, हे एकदा मनात येऊन गेलं. पण मग मी केलं काय असं होईल?
निघालो.

२० फेब्रुवारी, मंगळवार.
ट्रक तळ्यात आहे. मी बाहेर आहे.
मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. रेआलच्या काठापासून फार लांब नव्हतो. ट्रक पुढून नुसता वाकला, माणूस थकून बसतो तसा, आणि काचेपर्यंत काळं पाणी आलं. मी खिडकीतून निघालो, कसा ते आठवत नाही. रेआल पोटावर सरपटत, हलकी होडी पुढे ढकलत आला. काठावर सगळं माहेर उभं होतं, जेवणाच्या टेबलावरून उठून आलेलं. पोरं आजीला बिलगलेली.
मला शेगडीपाशी बसवलं, रेआलची पँट दिली. झिनेट खाली बसून माझे पाय चोळत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, जमलं.
मग तिने, रेआलकडून बेत कळला असणार, हळूच विचारलं, इथून बर्फावर परत जाताना ट्रकमध्ये कोण कोण असणार होतं?
म्हटलं, तू पुढे, माझ्याशेजारी. रेआल आणि बाकीचे मागे. पोरंही मागेच, घोंगडीत गुंडाळून, गाणी म्हणत. तसंच ठरवलं होतं.
तिने माझे पाय खाली ठेवले आणि स्वयंपाकघरात गेली. मला आयुष्यात पहिल्यांदा माझीच भीती वाटली. तूर्तिएर कुणीतरी पुढ्यात ठेवली. गार झाली होती. खाल्ली.
आज सकाळी रेआलने घरी सोडलं. रस्त्याने वीस मिनिटं लागतात. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, पुढच्या सुट्टीला, गुड फ्रायडेला, आम्ही सगळे आमच्या दुसऱ्या बहिणीकडे जाणार आहोत. फोन करू नकोस.
बरं, म्हटलं.